नाव एक, झाडे अनेक : सुरतेच्या बाजारातील इमारती लाकडाची ओळख

(व्याख्यानाची संहिता)



सुरत म्हटले की जर, हिरे आणि कापड यांची आठवण प्रथम होते. परंतु या शहराची आणखी एक जुनी ओळख आहे व ती लाकडाची आहे. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि तापीच्या काठी सागवानी जहाजे बांधली जात. याच शहरातील जहाजबांधणीच्या परंपरेत तयार झालेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस गेले व तेथील गोदीच्या भरभराटीस प्रारंभ झाला. वाडिया घराण्याने मुंबईत मलबारी सागातून बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत्या स्थितीत जतन करून ठेवलेली आहे.

सुरतेच्या पाठीशी डांगचे सागवन उभे आहे. १८४० च्या दशकात इंग्रज सरकारने डांगमधील भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली, ती प्रामुख्याने या सागासाठीच. जुन्या सुरतेतील घरांचे खांब, तुळया, जिने आणि कोरीव झरोके लाकडाचे असत. १८३७ च्या प्रचंड आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, यावरूनही त्या वेळच्या बांधणीत लाकडाचे प्रमाण किती होते याची कल्पना येते.

अशा शहरात लाकडाच्या नावाविषयी घोटाळा होऊ नये, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. वखारीत जे नाव उच्चारले जाते ते कोणत्या झाडाचे, याचे निश्चित उत्तर पुष्कळदा विक्रेता, सुतार आणि गिऱ्हाईक या तिघांपैकी कोणापाशीच नसते. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. नावांची घडणच अशी आहे की, प्रामाणिक माणसांतही गैरसमज व्हावा.

भाषांच्या संगमावरील बाजार

सुरतेच्या वखारीत लाकूड अनेक दिशांनी येते आणि प्रत्येक दिशेची भाषा त्याच्यासोबत येते. डांगचा रहिवासी आपल्या बोलीतील नाव सांगतो, नवापूर-नंदुरबारकडील माणूस मराठी किंवा अहिराणी नाव सांगतो, वखारवाला गुजराती नावाने हिशोब लिहितो आणि उत्तर भारतातून आलेला सुतार हिंदी नाव वापरतो. परदेशातून आलेल्या मालाच्या कागदांवर आणखी निराळे इंग्रजी नाव असते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली आणि डांग गुजरातेत गेला. तथापि साग, सादडा, शिसम व बिबळा ही झाडे सीमेच्या दोन्ही अंगांस पूर्वीप्रमाणेच उभी आहेत. लिंबायत, उधना इत्यादी भागांत स्थायिक झालेली खानदेशातील असंख्य कुटुंबे आपल्या घराची दारे-खिडक्या करण्यासाठी याच बाजारात येतात. हा विषय त्यामुळे केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही.

बाजारी नावे साधारणतः चार प्रकारांनी पडतात. काही नावे गावाची किंवा प्रांताची असतात, काही रंगावरून पडतात, काही दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध लाकडाशी असलेल्या साम्यावरून पडतात आणि काही अस्सल देशी नावे असतात. या चारही प्रकारांत चूक कशी होते, हे क्रमाने पाहणे उपयुक्त होईल.

सागाची नावे

'वलसाडी साग' हे पश्चिम भारतातील सर्वांत प्रतिष्ठित नावांपैकी एक होय. हा साग वलसाड शहरात वाढत नाही. डांग, वांसदा, धरमपूर या भागांतील साग वलसाडच्या बाजारातून बाहेर जाई, म्हणून त्यास ते नाव मिळाले. 'सी. पी. टीक' या नावाची कथाही अशीच आहे. त्यातील मध्य प्रांत १९५० साली नकाशावरून नाहीसा झाला, परंतु चंद्रपूर, बल्लारशा आणि मध्य प्रदेशातील सागाच्या नावात तो टिकून राहिला. 'बर्मा टीक' हे तिसरे नाव. ही तिन्ही लाकडे एकाच झाडाची, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस या जातीची आहेत. येथे फरक जातीचा नसून जमीन, पाऊस व वाढीचा वेग यांचा आहे.

परंतु याच धर्तीवर बनलेले 'आफ्रिकन टीक' हे नाव घेतले तर फसगत होते. या नावाखाली इरोको हे लाकूड विकले जाते, जे वड-फणसाच्या कुलातील मिलिसिया एक्सेल्सा या झाडाचे आहे. ॲफ्रोर्मोशिया या लाकडासही हेच नाव लावतात व ते शिंबी कुलातील, म्हणजे शिसमाच्या कुलातील आहे. 'ब्राझिलियन टीक' म्हणून ओळखले जाणारे कुमारू हेही शिंबी कुलातीलच. यांपैकी एकही साग नव्हे. गुंतागुंत येथेच संपत नाही. घानासारख्या आफ्रिकी देशांत आणि इक्वेडोर, कोस्टारिका या देशांत खऱ्या सागाची लागवड झाली असून ते लाकूडही भारतात येते. म्हणजे 'आफ्रिकेचा साग' खरा साग असू शकतो आणि 'आफ्रिकन टीक' मात्र साग नसतो. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यानंतर लागवडीच्या सागाचे महत्त्व अधिकच वाढले.

रंग व साम्य यांवरून पडलेली नावेही अशीच दिशाभूल करतात. शिवणीस इंग्रजी व्यापारात 'पांढरा साग' या अर्थाचे नाव आहे आणि आपल्या सह्याद्रीतील नाणा या झाडाच्या लाकडास 'बेनटीक' म्हणतात. शिवण उपयुक्त आहे, नाणाही उपयुक्त आहे. परंतु सागाचा टिकाऊपणा गृहीत धरून त्यांची किंमत देणे योग्य नव्हे. 'न्यूझीलंड पाइन' या नावाने कांडला बंदरात उतरणारे लाकूड रेडिएटा पाइनचे असून त्या वृक्षाचे मूळ वसतिस्थान कॅलिफोर्नियाचा किनारा हे आहे. आपल्याकडे खोक्यांच्या हलक्या लाकडास सर्रास 'देवदारी' म्हणतात. हिमालयातील सुगंधी व टिकाऊ देवदार वृक्षाशी त्या खोक्यांचा बहुधा काहीही संबंध नसतो.

शिसम आणि शीशम

देशी नावे तरी निःसंदिग्ध असतील, ही अपेक्षाही फोल ठरते. मराठीत व गुजरातीत शिसम म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया हे झाड. डांगच्या व सातपुड्याच्या सागवनात ते सागाच्या सोबतीने वाढते. त्याच्या गाभ्याचे लाकूड जांभळट तपकिरी असून त्यात काळपट रेषा असतात. हिंदी प्रदेशात मात्र शीशम म्हणजे डालबर्जिया सिसू. हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांच्या पात्रांलगत ते नैसर्गिकरीत्या उगवते आणि उत्तर भारतात कालव्यांच्या व रस्त्यांच्या कडेने त्याची विपुल लागवड झाली आहे. त्याचा गाभा सोनेरी ते गडद तपकिरी असतो. मराठी गृहस्थ शिसम मागतो आणि उत्तरेकडील सुतार शीशम देतो. दोघेही आपापल्या भाषेत खरेच बोलतात, तरी व्यवहार चुकतो. कारण पहिल्या झाडाची किंमत दुसऱ्यापेक्षा सामान्यतः पुष्कळ अधिक असते.

या नावाचा परिणाम परराष्ट्रीय व्यापारावरही झाला आहे. दुर्मिळ होत चाललेल्या वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया प्रजातीतील सर्व झाडे नियंत्रणाखाली आणली. कापलेल्या लाकडात एक जात दुसरीपासून ओळखणे कठीण, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. परिणामी विपुल लागवड असलेल्या सिसूच्या वस्तू निर्यात करणाऱ्या भारतीय कारागिरांनाही परवान्यांची अडचण सोसावी लागली. पुढे लहान तयार वस्तूंसाठी सवलती देण्यात आल्या. लाकूड ओळखता न येण्याची किंमत येथे गरीब कारागिराने मोजली.

असन, अंजन आणि हळदू

'असन' या शब्दाची स्थिती याहूनही विचित्र आहे. संस्कृत वैद्यकात असन म्हणजे टेरोकार्पस मार्सूपियम, ज्यास मराठीत बिबळा किंवा बिजा व गुजरातीत बियो म्हणतात. हिंदी भागात असन म्हणजे टर्मिनेलिया प्रजातीतील ऐन, ज्यास गुजरातीत सादड हे नाव आहे. मराठीत काही ठिकाणी आसाणा म्हणून ब्रायडेलिया रेटुसा हे तिसरेच काटेरी खोडाचे झाड दाखविले जाते. तीन झाडे तीन निरनिराळ्या कुलांतील आहेत. ऐनास विलायती व्यापाऱ्यांनी 'इंडियन लॉरेल' असे आणखी एक नाव दिले. युरोपातील लॉरेलशी त्याचे कोणतेही नाते नाही.

अंजन या नावाचेही असेच आहे. खानदेशात अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा हा अत्यंत कठीण व जड लाकडाचा मोठा वृक्ष. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अंजनी म्हटले की निळ्या-जांभळ्या फुलांचे मेमेसायलॉन हे लहान झाड दाखवितात. तुळईसाठी अंजन मागविणाऱ्याने कोणत्या प्रदेशातील माणसाशी आपण बोलत आहोत, हे आधी जाणून घेतलेले बरे.

हळदू, अर्थात हेद, याचा सुरतेशी विशेष संबंध येतो. या पिवळसर, एकसारख्या पोताच्या लाकडापासून कापड गिरण्यांसाठी बॉबिनी तयार करीत. वेगाने फिरणाऱ्या बॉबिनीचे लाकूड सर्वत्र सारख्या घनतेचे व गुळगुळीत असावे लागते. हळदूचा नातलग कळंब हा दिसण्यात जवळचा आहे व त्याचे नाव कदंबाशी जुळते. कदंबाचे लाकूड मात्र मऊ व हलके असते. उच्चारातील एवढ्या साम्यामुळे लाकडाची निवड चुकल्यास ते यंत्रावर निरुपयोगी ठरते.

चुकीच्या नावाचे परिणाम

नावाच्या घोटाळ्याने होणारे नुकसान तीन प्रकारचे आहे. पहिले आर्थिक. सामान्य कुटुंब आयुष्यात एकदाच घर बांधते आणि दारांच्या चौकटींवर बचतीचा मोठा भाग खर्च करते. वाळवीस न बधणारे लाकूड समजून आणलेली चौकट काही पावसाळ्यांतच पोखरली गेली, तर ते नुकसान भरून येत नाही. बिबळ्याचे लाकूड उत्तम असले तरी ओल लागल्यास त्यातून पिवळसर डाग उतरतो. ही गोष्ट माहीत नसता ते ओलसर भिंतीस लावल्यास घरमालक सुतारास दोष देतो. ऐनाचे लाकूड बळकट आहे, पण ते नीट सुकविले नाही तर तडकते. नाव कळले तरच गुणदोष कळतात व त्याप्रमाणे काळजी घेता येते.

दुसरे नुकसान कायद्याच्या क्षेत्रातील. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन इत्यादी झाडांचा समावेश करण्यात आला. शेतकरी आपल्या बांधावरील झाडास बिबळा म्हणतो आणि अनुसूचीत नाव बिजा असते. तो हेद म्हणतो, कागदावर हळदू असते. आपले झाड अनुसूचीत नाही अशा समजुतीने त्याने ते तोडले, तर नकळत गुन्हा घडतो. उलट, अनुसूचीत नसलेल्या झाडास अनुसूचीतील नाव चिकटल्यास त्यास विनाकारण खेटे घालावे लागतात. डोंगराळ भागातील आदिवासी खातेदाराच्या दृष्टीने ही बाब फार मोठी आहे.

तिसरे नुकसान वनाचे होय. वाहतूक परवान्यावर एक नाव व वाहनात दुसरे लाकूड, हा प्रकार नाक्यावर ओळखता आला नाही, तर संरक्षणाची सर्व व्यवस्था कागदावरच राहते. परवाना तपासणाऱ्याने अक्षरे वाचणे पुरेसे नाही. त्यास लाकूड वाचता आले पाहिजे.

लाकूड वाचण्याची रीत

लाकूड वाचण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची प्रथम गरज नसते. धारदार चाकू किंवा पटाशी, दहा पट मोठे दाखविणारे भिंग आणि थोडे पाणी एवढे साहित्य पुरते. फळीचा रंग पाहून निर्णय देणे ही नवशिक्याची रीत होय. उन्हाने, वयाने व पॉलिशने रंग पालटतो. ताज्या कापलेल्या सागाचा गाभा प्रथम फिकट हिरवट-पिवळा दिसतो व नंतर सोनेरी तपकिरी होतो. हलके लाकूड रंगवून सागासारखे करणे तर अगदी सोपे आहे.

म्हणून फळीच्या टोकाकडील आडवा छेद पाहावा. करवतीने कापलेला भाग खडबडीत असतो, त्यामुळे पटाशीने एक लहानसा पापुद्रा स्वच्छ काढावा, जागा किंचित ओली करावी आणि भिंग डोळ्याजवळ धरून निरीक्षण करावे. प्रथम छिद्रे आहेत की नाहीत हे पाहावे. ही छिद्रे म्हणजे झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे. देवदार, चीड, पाइन यांच्या लाकडात ती नसतात. छिद्रे असल्यास त्यांची मांडणी पाहावी. सागात वाढीच्या प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची एक माळ असते व पुढे ती लहान होत जातात. इरोकोमध्ये छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस फिकट पेशींचे पंखासारखे ठिपके दिसतात. हळदूची छिद्रे इतकी बारीक असतात की, भिंगावाचून ती दिसतच नाहीत.

यानंतर फळीचा सपाट पृष्ठभाग पाहावा. शिसम व सिसू या दोहोंतही बारीक, समांतर लहरींसारख्या आडव्या रेषा दिसतात. त्यांवरून प्रजाती कळते, आणि पुढे रंग, वजन व सुगंध यांच्या साहाय्याने जात ठरविता येते. शेवटी वास, स्पर्श व वजन यांचा पडताळा घ्यावा. सागाचा स्पर्श किंचित तेलकट असतो आणि ताज्या कापात जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिवणीत यांपैकी काहीच आढळत नाही व ती वजनासही हलकी असते. बिबळ्याचे तुकडे स्वच्छ पाण्यात काही वेळ ठेवल्यास पाण्यास पिवळसर रंग येतो व उजेडात धरल्यास त्यावर निळसर झाक दिसते. अनेक खुणा एकाच झाडाकडे बोट दाखवीत असतील, तेव्हाच नाव उच्चारावे. एका खुणेवर विसंबू नये.

या रीतीलाही मर्यादा आहेत. लाकडाच्या रचनेवरून प्रजाती बहुधा निश्चित होते, जात मात्र प्रत्येक वेळी होतेच असे नाही. ऐन व त्याचे टर्मिनेलिया प्रजातीतील भाऊबंद हे याचे उदाहरण आहे. तसेच एखादा साग डांगचा की घानाचा, हे भिंग निश्चितपणे सांगू शकत नाही. लागवडीच्या तरुण सागात रुंद वलये व बाहेरचे पांढरे लाकूड अधिक आढळते आणि त्या पांढऱ्या भागास वाळवी लागते. एवढे मात्र डोळ्यांनी पाहता येते, व खरेदीदाराच्या दृष्टीने ते गावाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. वाद निर्माण झाल्यास नमुना देहरादून येथील वन संशोधन संस्थेकडे किंवा बंगळूर येथील काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे पाठविता येतो. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद तपासून, खात्रीच्या नमुन्यांशी ताडून मत दिले जाते.

नावाची शिस्त

बाजारातील नावे बंद करणे शक्य नाही व इष्टही नाही. 'वलसाडी' या शब्दात अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. आवश्यकता आहे ती त्या नावाजवळ झाडाचे शास्त्रीय नाव लिहिण्याची. हे नाव समजण्यास कठीण नाही. मतदारयादीत आडनाव प्रथम व व्यक्तीचे नाव नंतर लिहितात, त्याप्रमाणेच शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असतो. डालबर्जिया हे आडनाव समान असले तरी लॅटिफोलिया व सिसू या दोन स्वतंत्र व्यक्ती होत. शास्त्रीय नावेही क्वचित बदलतात. हळदूचे अडिना हे नाव बदलून हल्डिना करण्यात आले, तर खैराचे अकेशिया हे नाव सेनेगालिया झाले आहे. पण असा बदल नोंदविला जातो व जुन्या नावावरून नवे शोधता येते. बाजारी नावाच्या बाबतीत ती सोय नसते.

हे काम नव्याने आरंभावयाचे नाही. गॅम्बल यांचा भारतीय लाकडांवरील ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी टॅल्बट यांनी १९०९ ते १९११ या काळात इलाख्याच्या वनवृक्षांचे दोन खंड प्रकाशित केले. पिअर्सन व ब्राउन यांचा व्यापारी लाकडांवरील ग्रंथ १९३२ साली आला. भारतीय मानक संस्थेने लाकडांच्या व्यापारी नावांसाठी स्वतंत्र मानक, क्रमांक ११५०, निश्चित केले आहे. साधने उपलब्ध आहेत. ती वखारीपर्यंत आणि नाक्यापर्यंत पोहोचणे बाकी आहे.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक विक्री आगारात व तपासणी नाक्यावर त्या भागातील वीस-पंचवीस लाकडांचे खात्रीचे तुकडे ठेवावेत व त्यांवर मराठी, गुजराती, हिंदी, व्यापारी आणि शास्त्रीय अशी पाचही नावे लिहावीत. वृक्षतोडीच्या अर्जावर स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नावाचा रकाना असावा व तो कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष झाड पाहून भरावा. गिऱ्हाइकाने पावतीवर नुसते 'टीक' न लिहवून घेता, टेक्टोना ग्रँडिस आहे किंवा नाही आणि ते कोणत्या देशाचे आहे, हे लिहवून घ्यावे. प्रामाणिक वखारवाल्यास यात हरकत असण्याचे कारण नाही. उलट त्याच्या मालाची पत त्यामुळे वाढेल.

सुतारकाम शिकविणाऱ्या संस्थांनी रंधा व पटाशीबरोबर भिंगाचाही उपयोग शिकवावा. लाकडाचा आडवा छेद कोणत्याच भाषेत बोलत नाही, म्हणूनच तो डांगच्या शेतकऱ्यास, सुरतेच्या व्यापाऱ्यास, खानदेशातील गिऱ्हाइकास आणि नाक्यावरील वनरक्षकास एकच उत्तर देतो. ते उत्तर पाहण्याची सवय लागली म्हणजे शिसम व शीशम यांतील भांडण पटाशीच्या एका कापाने मिटेल आणि घराच्या चौकटीस जे झाड हवे, तेच झाड लागेल.